सर्वांत लांबचा देश

७८६
नर्सेस होस्टेल, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७३

प्रिय तारा,

बातमी आधी सांगते. परदेशी पाठवायच्या दोन मुलींत माझं नाव निघालं. तिसऱ्या वर्षाच्या बत्तीस जणींतून आम्ही दोघी. दुसरी केरळची आहे. सहा महिने तिकडच्या दवाखान्यात काम शिकायचं, परत यायचं आणि मग इथली शेवटची परीक्षा द्यायची. जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं एक संस्था बघणार आहे. मुलाखत गेल्या गुरुवारी चार वाजता होती. मी वेळेवर पोचले.

तीन ठिकाणं आहेत. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक गाव, इराणमधलं शिराझ आणि आफ्रिकेतला झांबिया. झांबियात तांब्याच्या खाणी आहेत, तिथल्या कामगारांचा दवाखाना. अर्जावर तिन्ही नावांपुढे पसंतीचा आकडा घालायचा, मुदत एकतीस डिसेंबरची. ट्यूटर म्हणतात, काय शिकायला मिळेल ते बघून ठरवा. इंग्लंडला ऑपरेशनचं काम चांगलं शिकवतात, शिराझला लहान मुलांचा विभाग मोठा आहे, झांबियात माणसंच कमी म्हणून सगळंच करावं लागतं. मी ऐकलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. तुमच्या जिनदासभाऊंच्या दुकानात जगाचा नकाशा लावलेला आहे ना, त्यात बघून मला एवढंच सांग, यातला सर्वांत लांबचा कोणता?

तू माझ्या गावात सून म्हणून आलीस आणि मी गाव सोडून गेले. कारंज्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा असं काही होईल असं वाटलं नव्हतं. तुमच्या दुकानाच्या ओट्यावर माझ्या हबीबभाईची शिलाई मशीन आहे म्हणून अम्मीचं पत्रही तुझ्याच पत्त्यावर पाठवते. तिला वाचून दाखव, पण विमानाचं आत्ताच सांगू नको.

त्या गुरुवारी वॉर्डात एक बाई वारली. आपल्याकडचीच, मानोऱ्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तेव्हापासून मला जेवण जात नाही. नर्सला असं होऊन चालत नाही, असं सगळ्या म्हणतात.

तुझी
हुस्ना


मानोरा, जि. अकोला
२० नोव्हेंबर १९७३

प्रिय हुस्ना,

जय जिनेंद्र. तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा मी आत तूर निवडत होते. ह्यांनी हाक मारली आणि मी तशीच सूप हातात घेऊन बाहेर आले. हबीबभाईंनी मशीन थांबवली. मी मोठ्यानं वाचलं, आणि विमानाचं गाळायचं ते नेमकं तोंडातून निघून गेलं. मला माफ कर. अम्मी ओट्यावरच बसल्या. म्हणाल्या, "हवेत जाईन माही पोरगी? आन् तिथून पडली तं मले कोन सांगन?" मग म्हणाल्या, "शिराझ लिव्ह म्हना तिले. तिथं अजान तं ऐकू येईन."

आमच्याकडे मात्र सगळ्यांचं वेगवेगळं. हे म्हणतात इंग्लंड, तिथलं शिक्षण कुठंही चालतं. सासरे म्हणतात, थंडीनं मुलगी आजारी पडेल. मला झांबियाची भीती वाटते, का ते विचारू नको, मला त्या देशाचं काहीच माहीत नाही म्हणूनच वाटते. आणि तू तिथं जेवणार काय? अंडंसुद्धा न खाणारी मी तुला काय सांगणार, पण तुलाही तिकडचं मटण चालायचं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून दोरा धरून नकाशा मोजला. इंग्लंड सर्वांत लांब निघालं. पण हुस्ना, लांब कोणतं हे कशाला विचारतेस? जवळ कोणतं हे विचारायला हवं.

आणखी एक. तू लिहिलंस त्या वारलेल्या बाईचा नवरा रविवारी दुकानात आला होता. धनसिंग नाव. दिवाळीनंतर ते कामठीकडे विटभट्टीवर गेले होते, तिथून बायकोला तुमच्या दवाखान्यात नेलं. क्रियेसाठी पांढरं कापड घ्यायला आला होता. म्हणाला, "तिथं एक पोरगी व्हती नर्स, आपल्या बोलीत बोले. माह्या जमनीले तिनं पानी पाजलं." मी म्हटलं, अहो, ती आमची हुस्ना! ह्या हबीबभाईंची बहीण!  त्यानं विचारलं, "कधी येते थे?" मी सांगितलं, नाताळच्या सुट्टीत. पांढरं कापड काखेत धरून तो बराच वेळ हबीबभाईंच्या मशीनकडे बघत होता. मला गलबलून आलं. तुझी आठवण ठेवणारं माणूस भेटलं, याचं बरंही वाटलं.

जेवत जा.

तुझी
तारा


नागपूर
२६ नोव्हेंबर १९७३

तारा,

त्याला का सांगितलंस?

तो इथंही आला होता, पंधरा तारखेला, मृत्यूचा दाखला न्यायला. दाखला मिळाल्यावरही गेला नाही. वॉर्डाच्या दारात उभा राहून "ती आमच्याकडची नर्सबाई कुठं हाये" असं विचारत होता. मी चादरींच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यामागे तासभर बसले. बाहेर दुसरीनं त्याला सांगितलं, ती आज आली नाही.

तो काय काय म्हणाला ते शब्द न् शब्द लिहून कळव. रागात होता का? सोबत कोणी होतं का? माझ्या घराचा पत्ता त्याला कळला का? कळलाच असणार, तू हबीबभाईच दाखवलास.

नाताळात मी येत नाही. अम्मीला सांग, रजा मिळाली नाही.

हुस्ना


मानोरा
३ डिसेंबर १९७३

प्रिय हुस्ना,

तुझं पत्र वाचलं. मी अम्मींना फक्त "रजा नाही" एवढंच सांगितलं. हबीबभाईंना मात्र माझ्या तोंडावरून कळलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी म्हटलं, हुस्नाला त्या माणसाची भीती वाटते.  म्हणाले, "त्यानं माह्या बहिनीले काही केलं काय तिथं? सांग ताराबाई, मी त्याले सोडनार नाही." ह्यांनी कसंबसं शांत केलं.

आणि परवा तो पुन्हा आला. काही घ्यायला नाही. ओट्याच्या पायरीवर बसला, काठी आडवी ठेवली आणि हबीबभाईंना विचारलं, "बहीन आली काय?" हबीबभाईंनी कात्री खाली ठेवली नाही. मी आतल्या दारामागून बघत होते. तो रागात होता की नाही ते मला सांगता येत नाही, हुस्ना. तो डोळ्याला डोळा देत नाही. एवढंच म्हणाला, "मले तिले एक गोष्ट इचाराची हाये." कोणती, तर सांगेना. शेवटी मीच बाहेर येऊन विचारलं, तेव्हा थोडं बोलला आणि उठून गेला.

अम्मींना ताप आहे. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, तरी त्या दाराला आतून दोन-दोनदा कडी बघतात.

त्यानं तुझा अपमान केला का? हात धरला का? काय ते खरं लिही. मला कळल्याशिवाय मी हबीबभाईंना कशी आवरू?

तुझी
तारा


नागपूर
९ डिसेंबर १९७३

तारा,

हे पाकीट चिकटवून पाठवते आहे. एकटी असशील तेव्हा वाच. अम्मीला नाही, हबीबभाईला नाही, जिनदासभाऊंनासुद्धा नाही.

धनसिंगनं मला काहीही केलेलं नाही. मी केलं आहे.

जमनीला आठ तारखेला सकाळी भरती केलं. बाळंत होऊन वीस दिवस झाले होते, छातीला गळू झालं होतं, ताप होता. गळू कापून पू काढला. डॉक्टरांनी पेनिसिलीन लिहून दिलं, आधी टेस्ट करून. टेस्ट म्हणजे हाताच्या कातडीत अगदी थोडं औषध टोचायचं, भोवती पेनानं गोल काढायचा आणि अर्धा तास थांबायचं. गांधी उठली, लाल झालं, तर ते औषध त्या माणसाला चालत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं साधं आहे.

सिस्टर औषधांच्या कोठीत गेल्या होत्या. वॉर्डात मी आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी. जमनीची टेस्ट करायची तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. टेस्ट केली असती तर चारला पाच कमी होईपर्यंत तिच्या खाटेशी थांबावं लागलं असतं. मुलाखत चारला, पलीकडच्या इमारतीत. मला इस्त्रीचा युनिफॉर्म घालायचा होता, केस विंचरायचे होते.

मी कागदावर लिहिलं, "टेस्ट निगेटिव्ह." माझ्या अक्षरात, सही करून. आणि इंजेक्शन भरलं.

ती म्हणाली, "बाई, हळू टोच." मी हळूच टोचलं. सुई काढली तेव्हा ती मला विचारत होती, घरी कधी सोडाल, पोरीले पाजाचं हाये. मग म्हणाली गळ्यात खाजवते. मग काही म्हणायचं राहिलंच नाही. ओठ निळे पडले. मी ओरडले, डॉक्टर धावत आले, दुसरं इंजेक्शन दिलं, छाती दाबली. दहा मिनिटं. डॉक्टरांनी माझा कागद बघितला आणि लिहिलं, टेस्ट निगेटिव्ह असूनही रिॲक्शन. असं कधीकधी होतं, म्हणाले, तुझा दोष नाही.

आणि चार वाजता मी मुलाखतीला गेले, तारा. केस विंचरून गेले. तुम्हाला नर्स का व्हायचं आहे, असं त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. उत्तर चांगलं दिलं. त्यांनी माझ्या शांतपणाचं कौतुक केलं.

कुणालाही माहीत नाही. फक्त त्या माणसाला माहीत असावं असं मला वाटतं. तो दाराबाहेर होता आणि तिथून जमनीची खाट दिसत होती. मी गोल काढला नाही, थांबले नाही, हे त्यानं बघितलं असेल. तेच त्याला विचारायचं असेल.

आता कळलं ना, लांब कोणतं हे का विचारलं?

हुस्ना


मानोरा
१७ डिसेंबर १९७३

हुस्ना,

वाचलं. चुलीत घातलं. पूर्ण जळेपर्यंत तिथून हलले नाही. सासूबाईंनी विचारलं डोळे का लाल, मी म्हटलं धूर.

माझं ऐक. इंग्लंडपुढे एक आकडा घाल आणि जा. हे कुणालाही सांगू नकोस, मलाही पुन्हा लिहू नकोस. सांगून जमनी परत येणार आहे का? तुझं शिक्षण जाईल, पोलीस येतील, आणि इथं काय होईल ते तुला तिथं बसून कळत नाही. हे गाव केवढं! मुसलमानाच्या पोरीनं तांड्यावरची बाई मारली, असं म्हणायला किती वेळ लागतो? हबीबभाई रोज उघड्या ओट्यावर बसतात. अम्मी एकट्या पाण्याला जातात. मला रात्रंदिवस तेच दिसतं.

मी धनसिंगला निरोप पाठवला की हुस्ना परदेशी गेली, आता दोन वर्षं येत नाही. खोटं बोलले. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं लिहायचं होतं, पण वाटतं. तरी पुन्हा बोलावं लागलं तर बोलेन.

तू सोळा-सोळा तास राबत होतीस, उपाशी राहून शिकलीस. एका दुपारची चूक. जा आता.

तारा


नागपूर
३ जानेवारी १९७४

प्रिय तारा,

तू सांगितलंस तसं केलं. इंग्लंड एक, झांबिया दोन, शिराझ तीन. मेट्रननी अर्ज बघून विचारलं, इंग्लंडच का? मी म्हटलं, ऑपरेशनचं काम शिकायचं आहे. पासपोर्टचेही कागद गेले.

मला आता इंजेक्शन देता येत नाही. सिरिंज हातात घेतली की अंगठा हलत नाही. मुली माझी इंजेक्शनं देतात आणि मी त्यांची बेडपॅन उचलते. त्यांना वाटतं मी फार चांगली आहे. सिस्टर बघतात माझ्याकडे, अजून काही म्हणाल्या नाहीत. इंग्लंडला पोचल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या हातात सिरिंज देतील. मग?

तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल काहीच नव्हतं. तीन डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलंस, मी विचारलं तेव्हा तो थोडं बोलला. काय बोलला ते लिहिलं नाहीस. त्यानं बघितलं होतं का, एवढं तरी सांग.

हुस्ना


मानोरा
१६ जानेवारी १९७४

प्रिय हुस्ना,

सोमवारी पोलीस आला. सायकल ओट्याला टेकवून त्यानं विचारलं, "हुस्नाबानो कुठली? तिचं घर कोणतं?" मी पडद्यामागे होते, तिथंच भिंतीला धरून खाली बसले. हबीबभाई अम्मींना हाक मारत होते. पंधरा मिनिटांनी कळलं की पासपोर्टची चौकशी आहे. चहा पिऊन गेला. चांगल्या घरची मुलगी, असं लिहून घेऊन गेला.

तो गेल्यावर मी ठरवलं की तुला लिहायचं.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. धनसिंग त्या दिवशी काय बोलला ते. त्यानं काहीही बघितलेलं नाही, हुस्ना. त्याला तुझ्यावर संशयच नाही. जमनीला गळू झालं तेव्हा भट्टीवर त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, झाडपाल्याचा काढा करून दोन दिवस पाजला होता. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं की असले गावठी काढे पाजता आणि मग आमच्याकडे आणता. ते जमनीच्या भावांनी धरलं. सगळ्या तांड्यात झालं की म्हातारीनं सून मारली. भाऊ बाळाला घेऊन गेले, आजीला तोंड पाहू देत नाहीत. धनसिंगला तुला एवढंच विचारायचं होतं: "माह्या मायच्या काढ्यानं मेली काय जमनी? तू व्हती तिथं, तू खरं सांगशीन."

हे मला तीन डिसेंबरलाच माहीत होतं. तुझं पाकीट आल्यावर त्याचं उत्तरही माहीत झालं. आणि मी तुला लिहिलं, जा.

गेल्या बाजाराच्या दिवशी तो आईला घेऊन आला. दवाखान्यात दाखवायला, ती खात नाही म्हणून. ती आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती. दंडातल्या बलोती बांगड्या कोपरावरून खाली घसरत होत्या, इतकी वाळली आहे. मी पाणी दिलं. तिनं पेला घेतला नाही, माझं मनगट धरलं. "बाई, तू शिकेल हाये. काढ्यानं मानूस मरते काय वं?"

मी मनगट सोडवून आत गेले.

मी तुला ये म्हणत नाही. आत्ताही मला तीच भीती आहे, उलट जास्त. जे बघितलं ते लिहिलं, एवढंच.

तारा


नागपूर
२२ जानेवारी १९७४

तारा,

काढ्याचं बोलले ते डॉक्टरच होते. मी खाटेच्या या बाजूला उभी होते, धनसिंग त्या बाजूला. त्यानं मान खाली घातली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी तुला पाकिटात लिहिलं नाही.

शनिवारी अमरावतीच्या गाडीनं येते. रविवारी सकाळी तांड्यावर जाईन. आधी तिला सांगेन, मग इथं मेट्रनना. उलट केलं तर इथून मला निघू देणार नाहीत.

मला फार भीती वाटते.

हुस्ना


नागपूर
६ फेब्रुवारी १९७४

प्रिय तारा,

शनिवारी रात्री हबीबभाईला सगळं सांगितलं, आणि रविवारी तू आणि तो तांड्याच्या विहिरीपाशी थांबलात. मीच थांबायला सांगितलं होतं. परत आले तोवर बस आली. आता लिहिते.

रुखमाबाई झोपडीच्या दारात उन्हाला बसली होती. धनसिंग आतून आला. मी परदेशी आहे असं तुझ्या निरोपावरून तो धरून चालला होता, तरी लगेच ओळखलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला, तारा. ते मला सर्वांत कठीण गेलं. "माय, थे नर्सबाई आली," म्हणाला आणि मला बसायला गोधडी टाकली. मी बसले नाही. बसले असते तर सांगता आलं नसतं. उभ्याउभ्याच सांगितलं. टेस्ट काय असते, ती मी केली नाही, का केली नाही, कागदावर खोटं लिहिलं. जमनी माझ्या इंजेक्शननं गेली, काढ्यानं नाही.

म्हातारीनं विचारलं, "काढ्यानं नाही?"

"नाही."

"कसम खाय."

मी अल्लाची कसम खाल्ली. पोरीची खाय म्हणाली, मला पोर नाही म्हटलं. मग ती कपाळ गुडघ्यांना टेकवून रडायला लागली. जमनीचं नाव घेऊन घेऊन. मला वाटतं, सून गेल्यापासून ती सुनेसाठी रडलीच नव्हती, तिला तेवढी सवडच कुणी दिली नव्हती.

 धनसिंगनं कुडाला टेकलेली काठी घेतली आणि माझ्याकडे आला. मी डोळे मिटले. पळाले नाही. तो माझ्या बाजूनं पुढे गेला. चौकात उभं राहून त्यानं काठी जमिनीवर आपटली आणि सगळ्यांना हाका मारल्या. माणसं, बाया, पोरं जमली. तांड्याचे प्रमुख हरिसिंग नाईक आले. जमनीचा मोठा भाऊ सोमला पलीकडच्या तांड्यावर राहतो, त्याला बोलवायला माणूस गेला. तो येईपर्यंत मी तशीच उभी होते.  एका बाईनं आपलं मूल माझ्यापासून लांब ओढून घेतलं.

सोमला आला. धनसिंग म्हणाला, "आता सांग. जसं मायले सांगतलं, तसंच."

मी पुन्हा सगळं सांगितलं. आवाज जात होता तेव्हा नाईक म्हणायचे, "मोठ्यानं, पोरी." सोमला अंगावर आला, दोघांनी त्याला धरलं. तो शिव्या देत होता, मला आणि मग स्वतःलाही. शेवटी नाईक म्हणाले, "तू जाय आता. दिवस हाये तोवर जाय."

धनसिंग म्हणाला, "थांब. मले हे कागदावर लिहून दे." माझ्या वहीतलं पान फाडून मी लिहिलं, नाव, नर्सिंगची शाळा, काय केलं ते. त्याला वाचता येत नाही. घडी करून त्यानं पागोट्यात खोचलं. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

सोमवारी मेट्रनना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि पूर्ण ऐकलं. परदेशाच्या यादीतून नाव त्याच दिवशी काढलं. माझ्या जागी दुसरी मुलगी इंग्लंडला जाते. चौकशी होणार आहे. शाळेतून काढतील की वर्ष घालवतील, ते तेव्हा ठरेल. वॉर्डात जायला बंदी आहे. मी दिवसभर पट्ट्या गुंडाळते आणि दारात कुणाची चाहूल लागली की वर बघते. तो कागद घेऊन तो केव्हा येईल, पोलिसांना घेऊन येईल का, तेच डोक्यात असतं.

अम्मीला काय सांगायचं ते तू ठरव.

हुस्ना


मानोरा
२५ फेब्रुवारी १९७४

प्रिय हुस्ना,

अम्मींना मी सगळं वाचून दाखवलं. सुरुवातीला मी ओळी गाळत होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "बेटी, तू अटकून राह्यली. पूरा पढ." मी पूर्ण वाचलं. त्या रडल्या नाहीत. उठून घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तांड्यावर जायला निघाल्या. हबीबभाई सोबत गेले. रुखमाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण हाकलूनही दिलं नाही. दोन म्हाताऱ्या तासभर झोपडीच्या दारात बसल्या आणि अम्मी परत आल्या.

काल धनसिंग आला. पागोट्यातून तुझा कागद काढून माझ्यासमोर धरला. "काय लिवलं हाये थे वाच. सारं वाच." हबीबभाईंची मशीन थांबली. हे गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते, ते थांबले. हुस्ना, माझ्या मनात आलं की थोडं वेगळं वाचलं तर? "टेस्ट केली नाही" हे तीन शब्द गाळले तर त्याला कळणारही नाही. 

मी जसं होतं तसं वाचलं.

तो म्हणाला, "बरोबर हाये. बोलली तसंच लिवलं." मग कागद परत खोचला. "मी नागपूरले जाऊन राह्यलो. तिथं साह्यबाले दाखवतो." मी त्याला अडवलं नाही. ह्यांनी मला विचारलं, का अडवलं नाहीस, दोन शब्द समजुतीचे बोलायचे. 

त्याच्या पाठोपाठ हे पत्र टाकते आहे. तुला आधी मिळावं अशी इच्छा आहे.

तारा


नागपूर
१८ एप्रिल १९७४

प्रिय तारा,

धनसिंग यायच्या एक दिवस आधी तुझं पत्र मिळालं, म्हणून त्या वेळी मी चादरींच्या खोलीत गेले नाही.

चौकशीत धनसिंगनं कागद टेबलावर ठेवला. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी तो वाचला आणि मला विचारलं, हे अक्षर तुझं? मी हो म्हटलं. धनसिंगला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?  तो म्हणाला, "ज्या कागदावर तुमी लिवलं हाये का टेस्ट केली, थो कागद बदला. आन् डाक्टरसाह्यबानं काढ्याचं जे म्हटलं, थे चूक हाये असं लिहून द्या. मले थे तांड्यावर दाखवाचं हाये." डॉक्टरही तिथं बसले होते. लिहून दिलं. सही-शिक्क्यासह.

पोलिसांत द्यायचं का ते साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, ते मी अजून ठरवलं नाही. म्हणजे ते अजून तसंच आहे, तारा. उद्याही येऊ शकतो, वर्षानंही. मी त्याला थांबव असं म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.

माझं पूर्ण वर्ष गेलं. तिसरं वर्ष पहिल्यापासून, आणि सहा महिने सिस्टरच्या नजरेखालीच काम. परदेशाच्या अर्जाला मला पुन्हा कधी बसता येणार नाही. केरळची मुलगी आणि ती दुसरी, दोघी मागच्या आठवड्यात मुंबईला गेल्या. मी त्यांच्या पेट्या बांधायला मदत केली. लोकरी मोजे कुठं मिळतात ते मीच शोधून ठेवलं होतं, ते सांगितलं.

चौकशीनंतर धनसिंगला बसस्टँड कुठं ते माहीत नव्हतं. शिपायानं हातानं दाखवलं, त्याला कळलं नाही. मी म्हटलं, चला. आम्ही चालत गेलो. तो चार पावलं पुढे, मी मागे.  अमरावतीची गाडी लागलेली होती. पायरीवर एक पाय ठेवून तो मागे वळला.

"माय जेवते आता," म्हणाला. "पोरगी आनली घरी."

मग आत जाऊन खिडकीशी बसला आणि गाडी सुटेपर्यंत दुसरीकडे बघत राहिला.

परवा सिस्टरनी माझ्या हातात सिरिंज दिली. अंगठा हलला. अजून थरथरतो, पण हलला. ज्यांना टोचते त्या बायकांची नावं मी आधी विचारते आणि अर्धा तास त्यांच्या खाटेजवळच बसते. सिस्टर म्हणतात, इतकं बसायची गरज नाही, दुसरी कामं कर, मग येऊन बघ. मी ऐकते आणि तरी बसते. पहिल्या वर्षाच्या मुली हसतात.

अम्मीला हे सगळं वाचून दाखव.

तुझी
हुस्ना